वळणावरचे तीन हॉर्न

शकूचे अर्धे देव चिंचेने घासून झाले होते, अर्धे अजून ताटात काळपट पडले होते, तेवढ्यात पलीकडच्या दुकानातून सावळारामने हाक मारली, "वैनी, पळा! मस्कतचा फोन!"

बुधवारी फोन? तिचा नवरा महिपत तर शुक्रवारी करायचा, सुट्टीच्या दिवशी. शकू चिंचेच्या हातांनीच धावली.

महिपत गोजर म्हणजे धसई-मुरबाड लायनीवरचा जुना जीपवाला. बारा वर्षं त्याने काळी-पिवळी चालवली. कुणी आडवं आलं की हा खाली उतरायचा, बाह्या सरसावून समोरच्याच्या सात पिढ्या काढायचा आणि पुढच्या टपरीवर त्याच्याचबरोबर कटिंग चहा घ्यायचा. दोन हजार तीन साली तो मस्कतला एका शेठच्या घरी ड्रायव्हर म्हणून लागला. तिथल्या जुन्या केरळी ड्रायव्हरने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुणी भडकला तर काच खाली करायची नाही, उतरायचं नाही, हात उचलायचा नाही. आपण परके.

"शकू, घोटाळा झालाय गो."

"काय झालं? तुमी बरे हाव ना?"

तो बरा होता. काल शेठच्या पोरांना शाळेतून आणताना डोंगराच्या रस्त्याला एक वळण आलं, हुबेहूब आपल्या वाघजाईचं. इकडे त्या वळणावर प्रत्येक जीपवाला देवीला तीन हॉर्न देतो आणि कपाळाला हात लावतो. "हात आपोआप गेला गो," महिपत म्हणाला. पुढच्या गाडीवाल्याला वाटलं, हा आपल्यालाच हटवतोय. त्याने कचकन ब्रेक मारून गाडी आडवी घातली, उतरला आणि काचेवर बुक्क्या मारू लागला. मागे पोरं रडायला लागली. महिपतने काच खाली केली नाही, उतरलाही नाही. पण घाबरून त्याने पंजा वर केला, थांब, थांब म्हणून. हा आपल्याला हात दाखवतोय असं वाटून तो माणूस आणखीच पिसाळला. नंबर लिहून घेतला, पोलिसात जातो म्हणाला.

"तक्रार झाली तर लायसन जाईल, मग तुला घरी धाडावं लागेल, म्हणतो शेठ. त्यानं त्या गाडीवाल्याचं घर शोधलंय, परवा नमाजानंतर मला माफी मागायला तिथं नेतोय. काय सांगू गो त्याला? हॉर्न कुणाला मारला म्हणून?"

 निघताना शकूनेच त्याला बजावलं होतं, परक्या मुलखात चाललाव, वळण दिसलं की आईला विसरू नका.

"खरं सांगा," ती म्हणाली. "देवीला नमस्कार केला म्हणा."

आणि फोन कट झाला.

घरी सासूने, जानकीबाईंनी, कपाळावर हात मारला. "अगो, त्या लोकांना आपली वाघजाई काय ठाऊक? चुकून हात पडला म्हणायचं, मोकळं व्हायचं!"

"आईचं नाव आहे त्यात, आये. खोटं कसं सांगायचं?"

"आई इथं हाय, माझा पोर तिथं. आत टाकला तर आई डबा पोचवणार हाय का?"

 शकूने उलट फोन करावा तर नंबर शेठच्या घरचा, उचलणार कोण आणि बोलणार कुठल्या भाषेत? गुरुवारी तिने भात करपवला. पोथीचं एकच पान तीनदा वाचलं तरी काय वाचलं ते कळेना.

शुक्रवारी दुपारपासून ती दुकानात गोणीवर बसून राहिली.

"वैनी, असं बघू नका फोनकडं," सावळाराम म्हणाला, "घाबरून बंद पडायचा."

एकदा वाजला तो कल्याणहून, भलत्याचाच. दुसऱ्यांदा महिपत.

"सांगितलंत?"

"सांगितलं. मी हिंदीत, शेठनं अरबीत. त्यानं काय सांगितलं त्याचं त्यालाच ठाऊक.  तो माणूस म्हणाला, गाडीत माझी म्हातारी आई होती, ती दचकली. मी तिच्या पाया पडाया वाकलो, तर सगळं घरच दचकून उठून उभं रायलं, तिकडं माणसाच्या पाया पडत नायत! मग कॉफी दिली. तक्रार नाय करत म्हणाला."

"मग सुटलो ना?"

"कसलं सुटलो! शेठचा भरवसा उडालाय, चावी काढून घेतलीय. गावाकडून लिहून आण म्हणतो, बारा वर्षांत याची एक तक्रार नाय. नायतर महिनाअखेरीला घरचं तिकीट. जीप स्टँडचा अध्यक्ष मंगळूच ना? त्याच्याकडनं कागद घे नि मुरबाडवरनं फॅक्स कर. नंबर लिव."

शकूने बिस्किटाच्या पुड्यावर नंबर लिहून घेतला. फोन ठेवल्यावर सावळारामला हसू आवरेना. "मंगळू लिहिणार, महिपतची तक्रार नाय म्हणून? अवो, त्याच्याच जीपची काच फोडली होती ना यानं!"

शकूला हसू आलं नाही. मंगळूने काच फोडल्याचं खरं तेच लिहिलं तर?

पण दुसरा इलाज नव्हता: उद्या सकाळी साडेसातच्या एसटीने मुरबाडला जायचं, जीपच्या स्टँडवर मंगळूला गाठायचं, कागद लिहून घ्यायचा आणि तिथूनच फॅक्स करायचा.