जागच्या जागी

शिवणबाईंच्या घरात चमचा जरी सरकला तरी गहजब होई. जन्मभर शाळेत मुलींना शिवण शिकवलेलं, टाका वाकडा गेला की उसवायला लावलेलं. म्हातारपणी ही शिस्त आणखी कडक झाली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. खुर्ची बोटभर सरकवली म्हणून सुनेने एकदा चांगली बोलणी खाल्ली होती. मुलगा थट्टेने म्हणे, आईकडे श्वाससुद्धा जागच्या जागी ठेवून यावं लागतं.

खरी गोष्ट अशी, की बाईंना दिसत नव्हतं. आधी सुईचं नेढं गेलं, मग अक्षरं, मग माणसांचे चेहरे. आता खिडकीच्या बाजूला अंधूक उजेड तेवढा उरला होता, आणि डॉक्टरांनीही हात टेकले होते. बाईंनी हे कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर मुलाने त्याच दिवशी गाठोडं बांधून आपल्या घरी नेलं असतं. मुलगा भला, सूनही भली, पण त्यांच्याकडे कुणीतरी हात धरून नेईपर्यंत बसून राहायचं, या विचारानेच बाईंचा जीव घुसमटे. इथे पलंगापासून खुर्ची, खुर्चीपासून कपाटाची कड, कडेपासून स्वयंपाकघराची चौकट, असं सगळं घर हाताला पाठ होतं. कुणी काही वाचायला दिलं, तर चष्मा कुठे ठेवला कोण जाणे, असं म्हणून त्या वेळ मारून नेत.

त्या सकाळी सिंकखालचा पाइप फुटला. फस्स आवाज आला आणि पलंगावरून खाली टेकवलेला पाय पाण्यात पडला. बाई डगमगल्या नाहीत. भिंत धरून गेल्या, चाचपून मेन कॉक बंद केला आणि फडकी घेऊन पुसायला बसल्या. पण तोवर खालच्या शेजारणीच्या छतातून धार लागली होती, आणि तिने तत्परतेने मुलाला फोन लावला होता. भलत्या वेळी काही लोकांची तत्परता उफाळून येते.

मुलगा, सून आणि प्लंबर आले नि कामाला भिडले. बाईंना बाहेरच्या खोलीत बसवलं. भिजलेला गालिचा गेला. तळाचं प्लायवूड फुगलं म्हणून कपाट ओढलं. पलंग दुसऱ्या भिंतीला गेला. फरशीवरून काही खरखरत सरकलं की बाईंच्या काळजात चर्र होई. राहू दे, वाळेल आपोआप, असं त्यांनी सांगून पाहिलं. कोण ऐकतंय?

प्लंबरने भिंत ठोकून पाहिली. आतला पाइप पार कुजलाय, भिंत फोडावी लागेल, फरशीही उचलावी लागेल, म्हणाला. तेवढे दिवस आमच्याकडे चल, असं मुलाने म्हणताच बाई उसळल्या. धुळीने आपण काही विरघळत नाही, इथेच राहू, असं त्यांनी बजावलं. आईचा हट्ट त्याला नवा नव्हता. तो जरा नरमला.

"बरं, राहा. पण या पसाऱ्यात तुझं तुला जमेल ना?"

"माझ्या घरात मला काय धाड भरलीय? थांबा, पाणी आणते सगळ्यांना."

बाई उठल्या आणि नेहमीच्या चालीने निघाल्या. कपाटाच्या कडेसाठी हात पुढे केला, तर तिथे कड नव्हती. त्या थबकल्या, अंदाजाने वळल्या. समोर काहीतरी उभं असल्याचं जाणवलं, तशा समजुतीच्या सुरात म्हणाल्या,

"बाजूला हो गं जरा."

ते कपाट होतं. सून त्यांच्या पाठीमागे उभी होती.

ठोकाठोक थांबली. आपण काय केलं ते बाईंना त्या शांततेवरूनच कळलं. त्यांनी कपाटावर तळवा टेकला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आई," मुलगा कसाबसा म्हणाला, "कधीपासून?"

"तुझ्याकडे आले की मी आंधळी होईन रे," बाई म्हणाल्या. "इथे नव्हते."

त्याला रडू फुटलं. तो कपाट मागे ढकलू लागला. प्लंबरने हळूच त्याचा दंड धरला आणि भिंत तिथेच फोडायची आहे, अशी आठवण करून दिली. मुलाने हात काढून घेतला.

सुनेला काय करावं ते सुचेना. तिने वाटेतली खुर्ची उचलली.

"आई, ही नक्की कुठे होती? सांगा, मी तिथेच ठेवते."

"आता कुठेही ठेव," बाई म्हणाल्या.