एका माणसाचं खरकटं

तमिळ मुलखात, तांबरमच्या पुढे आम्ही भाड्याने घेतलेल्या घरामागे थोडं अंगण होतं. नवरा ओरगडमला मोटार कारखान्यात होता. त्याने हौसेने अंगणात बायोगॅस बसवला: पाण्याची मोठी टाकी, तिच्यात उपडी घातलेली जरा लहान टाकी, आणि तिथून शेगडीपर्यंत नळी. सुरुवातीला शेण कालवून घातलं, मग रोजचं खरकटं. गॅस साठला की वरची टाकी हळूहळू वर यायची.

तीनच महिन्यांत कंपनीने त्याला वर्षभरासाठी परदेशी पाठवलं.

माझ्या एकटीचं खरकटं ते किती असणार? भाजीची सालं, वाटीभर शिळा भात. टाकी खाली बसत गेली. रविवारी त्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "टाकी किती वर आलीय?"

"वीतभर," मी सांगितलं. आली नव्हती. पुढच्या रविवारीही तेच सांगितलं, आणि फोन ठेवून सिलिंडरवर वरण-भात लावला. उभ्यानेच जेवले.

मग एका सकाळी भांडं घेऊन शेजारच्या पाट्टींकडे गेले. सत्तरीच्या आजी, मुलगा लांब शहरात, अण्णा नगरला. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी टाकीत घालायला भाताची पेज मागितली.

"देईन की," त्या म्हणाल्या. "पण मीही एकटीपुरताच भात शिजवते, मा."

तरी रोज दहाच्या सुमारास कुंपणाच्या भिंतीवर त्यांचं पातेलं असायचं. मी गिरणीत सांडलेलं पीठ आणून भिजवून घालू लागले. तिसऱ्या आठवड्यात टाकी उचलली. निळी ज्योत अर्धा तास टिकली. मी पाट्टींना बोलावलं. त्यांनी ज्योत पाहिली, कॉफी घेतली आणि मुलाचा फोन येईल म्हणून लगेच गेल्या.

रविवारी मी नवऱ्याला सगळं खरं सांगितलं.

"अगं, एवढी खटपट कशाला?" तो म्हणाला. "सिलिंडर आहे ना."

मी बरं म्हटलं.

कंपनीने मुदत वाढवली, तो आला तो दीड वर्षाने. तोवर मी एक दिवसही टाकी उपाशी ठेवली नाही. माझ्यावाचून अडेल असं दिवसभरात तेवढंच काम होतं. पुढे आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो. टाक्या एका गवळ्याने गुरांच्या पाण्यासाठी नेल्या. पाट्टींचा निरोप घ्यायला गेले, तर दाराला कुलूप. त्या मुलाकडे गेल्या होत्या.