पांढऱ्यावर पांढरं

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका पोरीचं नुसतं डोकं होतं. गळ्याखाली साडी नाही, डोळ्यांतलं पांढरं नाही, दातांच्या जागी लाल. पुढची पोरही तशीच. बावीसच्या बावीस.

"माय, हाई काय व्हयनं?" माझी मुलगी म्हणाली.

"मला काय विचारते? तूच केलं."

ते खोटं होतं. चादर मी दिली होती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. धुळ्यात आमच्या बौद्ध समाजाचा वधू-वर मेळावा होता आणि मुलींचे फोटो इंटरनेटवर टाकायचं ठरलं. ते काम माझ्या मुलीकडे आलं. ती एका कॉम्प्युटर क्लासात तीन महिन्यांच्या बोलीवर होती. त्या दिवशी चार वाजता मेळाव्याची मंडळी बघायला येणार. पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाही तर घरी.

तिने लिहिलेला प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवर चालायचा. कुणी मुलीचा क्रमांक दाबला की तो फोटोतला पांढरा रंग आरपार करायचा, फोटो लाल चौकटीवर बसवायचा आणि खाली गाव, शिक्षण लिहायचा. म्हणून फोटो पांढऱ्या चादरीपुढे काढले. पण आमच्यात लग्नाला पांढरी साडी. सगळ्या पोरी पांढऱ्यात आल्या आणि आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. प्रोग्रामला चादर काय, साडी काय, सारखीच.

"चादरीवर दुसरा रंग ओत," मी म्हणाले.

"ओतला. साडीत घुसतो."

तेव्हा चाचा आठवले. त्यांच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात मी बारा वर्षं छपाईच्या फिल्मवर ब्रशने चित्रांच्या कडा रेखल्या. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात झाडूच द्यायचा असं त्यांनी मानलं नाही, ब्रश दिला. म्हणायचे, "पहले हद बांध, बाद में रंग भर. लकीर टूटी तो माल गया."

"ऊठ. मला बसू दे," मी मुलीला म्हणाले.

माऊस ओल्या साबणासारखा निसटत होता. दोन फोटो बिघडवले, मग हात बसला. रंग पोपटी घेतला, कारण पोपटी एकीच्याही अंगावर नव्हता. प्रत्येकीभोवती मी रेघ ओढायची, रेघेबाहेर मुलीने रंग ओतायचा. शेवटी तिने प्रोग्राममध्ये पांढऱ्याऐवजी पोपटी आरपार कर असं लिहिलं. साड्या आल्या, डोळे आले, दात आले.

मंडळी आली. पारोळ्याचे एक आबा पडद्याला नाक लावून म्हणाले, "हिच्या केसांना हिरवी किनार कशी?"

"गवताचे भारे वाहते, आबा. कामाची पोर आहे," मी म्हणाले.

सगळे हसले. नोकरी पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन चाचांना सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"बाईस में कितनी टूटी?"

"एक. केसांपाशी."

"फिर बारा साल में सीखी क्या?" म्हणाले आणि चहा मागवला.

आभार मानायची मला सवय नाही. त्यांचे मानते. त्यांच्या तोंडावर मानले नाहीत, ते चुकलं.

चाचा वारले. कारखानाही राहिला नाही. त्या दुपारी कॉम्प्युटरपुढे आम्ही दोघी होतो. त्यांची रेघ ठाऊक असलेल्या अजून आम्ही दोघी आहोत.