दुपारची वीणा

आमचे हे कारगिलनंतर पेन्शनीत निघून घरी आले ते अंगानं धडधाकट, पण जीव तिकडंच राहिलेला. साधं भांडं पडलं तरी भिंतीला चिकटून खाली बसायचे. मी देवाला रोज विचारायची, माझा माणूस अर्धाच का परत दिलास? खरं सांगते, तेव्हा माझा देवावर राग होता.

आळे गावाजवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना घरच्या घरी करायला एक सवय शिकवली. जीव घाबरला की पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि समोर दिसेल त्याचं नाव घ्यायचं. हे हसले, "फौजीला आता श्वास घ्यायला शिकवत्यात व्हय!" तरी चहा माझ्या हातात होता. रोज सकाळी श्वास आधी, चहा मग.

गावात सप्ताह बसला. देवळात दुपारी गर्दी नसते म्हणून मी मोठ्या शहाणपणानं ह्यांचं नाव वीणेच्या दुपारच्या पाळीला लावलं. मळ्यात खणायच्या विहिरींचे सुरुंगही दुपारीच, मजूर जेवायला वर आले की उडवतात, ते मी साफ विसरले.

हे गळ्यात वीणा घेऊन नामस्मरण करत उभे होते आणि मळ्याकडून धडाम् झालं. हे भिंतीला चिकटून खाली बसायला लागले. सप्ताहात वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते, आणि ती आता टेकणार! समोरच बसलेली मी धावायला उठले, पण पायच हलेनात. पायरीवर टोपली ठेवून सावलीला बसलेली जुन्नरकडची एक बांगडीवाली चाची मात्र शांतपणे म्हणाली, "भाऊ, विहिरीचा सुरुंग हाये. पाय टेकवा. दमानं श्वास सोडा. म्होरं काय दिसतंय?"

दवाखान्यातलंच सगळं. ह्यांनी पाय टेकवले, सरळ उभं राहत श्वास सावकाश सोडला. मग ओठ हलले, "समई... इठोबा... आमची मालकीण." आणि नामस्मरण पुन्हा सुरू झालं. मी पदरात तोंड घालून रडले.

मी प्रसाद घेऊन पायरीशी गेले तोवर चाची निघून गेली होती. पुढं कुठल्याच बाजारात ती दिसली नाही. तिला हे कुणी शिकवलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "उद्याबी माझं नाव लाव. दुपारचंच."

"सुरुंगवाल्यांना थांबायला सांगू का?"

"नगं. उडू दे."

माझ्या धावण्यावाचून देवाचं अडत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दुपारी सुरुंग उडाला. हे दचकले, पण तोंडातलं देवाचं नाव थांबलं नाही. मी हात जोडून जागेवरच बसून राहिले.