तपासनीसबाई

चैत्रातल्या दुपारी आमच्या उमरग्यात ऊन इतकं पांढरं असतं की हमरस्त्यावरचे मालट्रकही ढाब्यांच्या सावलीला उभे राहतात, आणि त्यांची घरघर थांबली की खिडकीतून कडुनिंबाच्या मोहराचा गोडसर-कडवट गंध निवांतपणे आत येतो. अशाच एका दुपारी मी लेकीने आणलेली कादंबरी वाचायला घेतली. वाचायला कसली, खरं सांगायचं तर तपासायला. मीरा अकरावीत आहे. तिच्या हाती पडणारं प्रत्येक पुस्तक आधी माझ्या नजरेखालून जायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. तेवीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवते. पोरांनी काय वाचावं हे आपल्यालाच कळतं असा माझा समज होता. समज कसला, ताठाच म्हणा.

कादंबरी पुढच्या कुठल्याशा काळातली. त्या शहरात प्रत्येक मुलाने रोज वही लिहायची आणि सरकारी कचेरीत तपासायला द्यायची, असा कायदा. चौदा वर्षांची एक मुलगी सगळी गोष्ट त्या वहीतच सांगते, आणि तीही वही तपासणाऱ्या बाईंना उद्देशून. ‘तपासनीसबाई, इथं मी रडले होते, तुम्हाला त्रास नको म्हणून तेवढं गाळते.’ सुरुवातीची वीसेक पानं मी नुसती वैतागत होते. ही काय सांगायची रीत झाली? ना धड गोष्ट, ना धड पत्र. मध्येच वाक्य तोडते, खोटं सांगते, पुढच्या पानावर तेच कबूल करते आणि वर विचारते, ‘आता तरी आवडलं का तुम्हाला?’

मग केव्हातरी ध्यानात आलं, की तिच्या गोष्टीतली ती बाई मला ओळखीची आहे. लेकीच्या आधी पुस्तक उघडून बसलेली, हातात पेन्सिल घेतलेली. माझे कान तापले.

आता जे सांगते ते ह्यांनाही ठाऊक नाही. मीरा सातवीपासून रोजनिशी लिहिते. स्वेटरांच्या घडीखाली ठेवलेली ती वही, पोर क्लासला गेली की मी काढून वाचत आले आहे, आणि वाचून सुखावत आले आहे. ‘आई आमच्यासाठी किती राबते’, ‘आज अभ्यास मनासारखा झाला’, अलीकडं तर असलंच सगळं, सुवाच्य अक्षरात. माझी लेक किती गुणाची, हे शिक्षकखोलीत चारचौघींना सांगून मिरवलंही मी.

त्या दुपारी कादंबरी पालथी ठेवून मी ती वही काढली आणि शेवटाकडून मागं चाळत गेले. वर्षभरापूर्वीच्या एका पानावर थांबले. तिरपं, घाईघाईचं अक्षर होतं: ‘आईशी बोलायला गेलं की माझंच चुकलंय असं वाटायला लागतं. मग कुणाशी बोलू?’ आणि खाली, पान संपतं तिथं, लाल शाईतली बरोबरची खूण. शेपूट लांब ओढलेली, माझीच. चाचणीचे पेपर तपासता तपासता मधूनच उठून मी ही वही उघडली असणार. पेन हातातच राहिलं, पान संपलं तसा हात सवयीने चालला. लेकीच्या त्या प्रश्नाला मी बरोबर म्हणून खूण केली होती, आणि तिला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अक्षर सुवाच्य झालेलं होतं.

वही जागेवर ठेवून बाहेर येते तोच मीरा आली. उन्हाने लालबुंद झालेली, तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायली. ‘‘झालं का गं वाचून? मी घेऊ?’’

‘‘घे की.’’

‘‘सगळं वाचलं तर चालंल?’’

‘‘सगळं वाच,’’ म्हटलं मी.

तिने क्षणभर माझा चेहरा न्याहाळला, ‘‘बरं,’’ म्हणाली, आणि पुस्तक घेऊन खोलीत जाऊन दार हलकेच लोटून घेतलं. मला माफी मागायची होती. शब्दही जुळवले होते. लाज तेव्हा वाटत होती, अजूनही वाटते. पण त्याहून लाजिरवाणं हे, की त्या लोटलेल्या दाराकडं बघताना माझ्या मनात पहिला विचार आला तो माफीचा नव्हता. खरं लिहायला पोरीने दुसरी वही केली असेल, आणि ती कुठं ठेवत असेल, याचा मी अंदाज घेत उभी होते.