मामाच्या बोटावरचा मध

बहीण बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त फुगलो होतो. आमच्या घरची रीत अशी, की तान्ह्या बाळाच्या जिभेला पहिला मध मामानं लावायचा. आणि इथे मामा कोण, तर कुंभारवाड्याच्या आसपास ज्याच्या मधाला सगळ्यांत जास्त मान तो! परसात माझ्या मधाच्या पेट्या आहेत. कुणाच्या घरी पाळणा हलला की बाप आधी माझ्या दारात वाटी घेऊन उभा राहतो, मग पेढे वाटायला जातो. हे मी कमी करूनच सांगतोय.

मुलगी झाली. तिला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी आंघोळ करून, नखं कापून, मधाची वाटी घेऊन तयार. तेवढ्यात नर्सबाई बाळ बघायला आल्या. वाटीकडे बघून म्हणाल्या, "हे कुणाला?"

"भाचीला."

"वर्षाची होईपर्यंत न्हाई. थेंबभर सुद्धा न्हाई. आता फक्त आईचं दूध."

माझं डोकंच सटकलं. "माझ्या मधात साखरेचा कण सापडला तर मिशा उतरवीन!"

त्यांनी शांतपणे समजावलं. मध कितीही शुद्ध असला तरी त्यात कधीकधी असे जंतू असतात, की मोठ्यांना त्यांचं काही होत नाही, पण तान्ह्या पोटात ते विष तयार करतात. बाळ लुळं पडतं. क्वचितच घडतं, पण घडलं तर श्वास अडकून जिवावर बेततं. मध गरम करूनही उपयोग नाही. एवढं सांगून त्या पुढच्या वाडीकडे चालत निघून गेल्या.

"अण्णा, ऱ्हाऊ दे," बहीण म्हणाली. पण मी कसला ऐकतोय! घरामागच्या चढावर रेंज मिळते, तिथे मोबाइल घेऊन बसलो. त्यात एका व्हिडिओत एक बाई सापडली, बाळांची मोठी जाणकार. ना डॉक्टर, ना नर्स, पण बोलणं असं की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. शुद्ध रानमध पहिल्या दिवसापासून द्या, बाळ गुटगुटीत होतं, असं ती हसून सांगत होती. मी मांडीवर थाप मारली. मला हवा होता तो वकील मिळाला होता.

तरी नर्सबाईंचा तो 'लुळं' शब्द काही डोक्यातून जाईना. म्हणून व्हिडिओखाली लिहून विचारलं, बाळाला काही झालं तर काय करायचं? उत्तरात जोडलेल्या हातांचं चित्र आलं आणि त्याखाली मधाची बाटली मागवायचा पत्ता.

मी एकटाच इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. बाई मध विकत होती! ती मधाला वाईट कशाला म्हणेल? मग हसता हसताच मनात आलं, वाटी घेऊन सजून बसलेला मी तरी दुसरा कोण होतो? माझा मध चाटलेली पोरं धडधाकट आहेत, एवढंच माझं शिक्षण. ते त्यांचं नशीब, माझी हुशारी नव्हे.

घरी येऊन तो मध बहिणीच्या आंबोळीवर ओतला. भाचीनं दूध पिता पिता थांबून माझ्याकडे पाहिलं आणि भली मोठी जांभई दिली. मी तेवढ्यावर खूश.

भाची मान धरायला लागली तेव्हा वरच्या वाडीतले एक काका वाटी घेऊन आले. त्यांना दुसरा नातू झाला होता.

"सुनेला द्या. बाळाला वर्षभर न्हाई," मी म्हणालो.

"तू कधीपास्नं डाक्तर झालास रे? थोरल्याला तूच चाटवायला सांगितलंस न्हवं?"

"व्हय काका. तवा मला ठाऊक नव्हतं. चुकलं माझं."

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग अगदी सहज म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून तवा चाटवला. आता तू न्हाई म्हणतोस, तर न्हाई."

एवढा विश्वास! मला आनंद झाला आणि भीतीही वाटली.

"माझ्या सांगण्यावरून न्हाई," मी म्हणालो. भाचीला खांद्याशी धरलं, काकांना चढावर नेलं आणि नर्सबाईंना फोन लावून तो काकांच्याच हातात दिला.