भाडं कुणाच्या माथी

ब्रशच्या कारखान्यात त्यांना टक्केसाहेब म्हणत. तोंडावर टक्केसाहेब, पाठीमागे नुसतं टक्के. दोन्ही ऐकून त्यांची छाती फुगे.

कारखान्यात चार विभाग होते. कपड्यांचे ब्रश, बुटांचे, रंगाचे आणि बाटल्या धुण्याचे. इमारत भाड्याची. भाडं, पहारेकऱ्याचा पगार, दिवाबत्ती आणि मालकांची गाडी हे खर्च वर्षानुवर्षं एकत्र नांदत होते. ते कुणाच्या नावावर नव्हते. मालक खिशात हात घालत आणि देऊन टाकत. टक्केसाहेब खर्च विभागाचे प्रमुख झाले आणि हे बघून त्यांचा जीव कासावीस झाला.

"हे सगळे बेवारस खर्च आहेत," त्यांनी मालकांना सांगितलं.

मालक दचकले. आपल्या घरात कुणी बेवारस हिंडतंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग टक्केसाहेब मोजायची फीत घेऊन कारखानाभर रांगले. कोणी किती जागा अडवली आहे ते त्यांनी मोजलं आणि जमिनीवर पिवळ्या रेघा ओढल्या. ज्याची जागा जेवढी, त्याच्या माथी खर्चाचा वाटा तेवढा. खर्च विभागाची खोली मात्र रेघांच्या बाहेर राहिली. मोजणाऱ्याला कोण मोजणार?

कारखाना आक्रसू लागला. बूटवाल्यांनी टेबलांवर टेबलं चढवली. वरचा माणूस लाकूड घासे, भुसा खालच्याच्या डोक्यात पडे. रंगवाल्यांनी आपलं कपाट हळूच कपडेवाल्यांच्या रेघेत सरकवलं. जेवणाच्या सुट्टीत कपडेवाल्यांनी ते परत लोटलं, वर आपलं एक जोडून दिलं. ब्रश कमी होत होते, पण जागा काय सुंदर वाचत होती!

महिनाअखेरीस कपड्यांचा ब्रश तोट्यात निघाला. आजवर तो बिचारा आपला माल, आपली मजुरी भागवून चार पैसे मागे टाकत होता. भाड्याचा वाटा डोक्यावर पडला आणि तो बुडीत ठरला.

"टक्के, तुम्ही नसता तर हा तोटा मला कळलाच नसता," मालक भारावून म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. "बंद करा तो विभाग."

विभाग बंद झाला. माणसं घरी गेली. भाडं गेलं नाही. घरमालक पहिल्या तारखेला आला आणि पूर्वीइतकंच घेऊन गेला. पहारेकरी पूर्वीइतकाच पेंगत होता, पगारही पूर्वीइतकाच घेत होता. चौघांचं ओझं तिघांवर आलं. त्यात बुटांचा ब्रश तोट्यात गेला. तोही बंद. मालकांनी खूश होऊन टक्केसाहेबांना चाकांची खुर्ची दिली.

आता सगळं ओझं दोघांवर होतं. टक्केसाहेबांनी नवा तक्ता मांडला. या खेपेला बाटल्यांचा ब्रश बुडत होता. बाटल्यांच्या विभागाचे प्रमुख त्यांच्या बायकोचे थोरले भाऊ होते. त्यांना सगळेच दादा म्हणत. टक्केसाहेबांना या कारखान्यात चिकटवलं होतं ते दादांनीच.

रविवारी दादा जेवायला आले. त्यांचा घास हातातच राहिला होता.

"जावईबापू, चूक आमचीच आहे हो. आम्हीच जागा फार खातो."

"नाही, तसं काही..."

"आणखी सरकतो ना आम्ही! बायकांना सांगतो, बसू नका, उभ्यानेच ब्रशच्या तारा पिळा. स्टुलं गेली की केवढी जागा सुटेल. सगळ्यात जाड तर मीच. मी दारात उभा राहून लक्ष ठेवीन. दार कुणाच्या रेघेत येतं?"

दारही त्यांच्याच रेघेत होतं. दादांनी भांडण काढलं असतं तर टक्केसाहेबांनी शास्त्र ऐकवलं असतं. इतक्या विश्वासाला काय ऐकवणार?

दादा गेल्यावर बायको पदराला हात पुसत समोर आली.

"अहो, दादाचं काही खरं नाही का?"

"आकडे बोलतात. मी काय करू?"

"आकड्यांना कंठ फुटला आणि तुमची वाचा का बसली? एक सांगते, दादा घरी बसला, तर या घरात तुमच्याशी बोलायला आकडेच उरतील."

टक्केसाहेबांनी कागद ओढला. बाटल्या बंद करून पाहिल्या. सगळं भाडं एकट्या रंगाच्या ब्रशवर कोसळलं. तो बुडाला. तोही बंद केला. आता कारखान्यात एकही तोट्यातला विभाग नव्हता, कारण विभागच नव्हता. आणि कोऱ्या कागदावर घरमालक हात पसरून उभा होता.

त्यांना कपडेवाले आठवले. बूटवाले आठवले. त्यातल्या कुणाच्याही जाण्याने भाडं एका पैशानेही हललं नव्हतं.

सोमवारी ते मालकांसमोर उभे राहिले.

"बाटल्यांचा विभाग बंद केला तरी भाडं तेवढंच राहणार. उलट तो विभाग भाड्याला हातभार लावतोय."

"मग कपडेवाले? बूटवाले?"

तेही हातभार लावत होते, एवढंच बोलायचं होतं. दारातून आपल्या खोलीतली चाकांची खुर्ची दिसत होती. टक्केसाहेबांना ते बोलता आलं नाही.

"ते वेगळं होतं," ते म्हणाले.

"असेल. पण भाडं कुणाच्या तरी माथी गेलंच पाहिजे. बेवारस ठेवायचं नाही. मला झोप लागत नाही."

टक्केसाहेब म्हणाले, "माझ्या विभागावर टाका."

यात त्यांना धोका दिसला नाही. आपला विभाग काही बनवत नाही, काही विकत नाही. त्याला कसला नफा आणि कसला तोटा? दादा वाचत होते, घर वाचत होतं.

महिनाअखेरीस मालकांनी तक्ता वाचला. रंग नफ्यात. बाटल्या घसघशीत नफ्यात. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"खर्च विभाग. यांची विक्री किती?"

"काहीच नाही," टक्केसाहेब म्हणाले.

"आणि सगळं भाडं हेच खातात?"

"साहेब, ते मी फक्त कागदावर..."

"बंद करा," मालक म्हणाले. टक्केसाहेबांनीच त्यांना ते शिकवलं होतं, आणि मालक हुशार विद्यार्थी होते.

पुढच्या महिन्यात भाड्याची वाटणी करायला कुणी उरलं नाही. मालकांनी खिशात हात घातला आणि देऊन टाकलं. दोन्ही विभागांत नफाच नफा. खर्च विभाग बंद केल्याबरोबर कारखाना सावरला, असं ते भेटेल त्याला सांगू लागले. कपडेवाल्यांना, बूटवाल्यांना मात्र कुणी परत बोलावलं नाही. ते विभाग बंद करण्याचं कारण तक्त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

दादांनी मालकांकडे जाऊन चार शब्द टाकले. टक्केसाहेब बाटल्यांच्या विभागात तारा पिळायला लागले. पहिल्या दिवशी बोटं सोलवटली. दादांनी स्वतः मलम लावलं आणि सगळ्यांदेखत बजावलं, "यांना कुणी टक्के म्हणायचं नाही. जावई आहेत आमचे."

संध्याकाळी बायकोने हातावर पाणी घातलं.

"कसं चाललंय तुमच्या विभागाचं?"

"नफ्यात आहे."

"किती?"

त्यांनी सोलवटलेली बोटं पंचाला पुसली.

"ते काढायला आता कुणी नाही," ते म्हणाले आणि जेवायला बसले.